उष्टी लस

"मानवजातीच्या इतिहासात तीनच दिवस महत्त्वाचे! माणसाला विस्तव सापडला तो एक, माणूस चंद्रावर उतरला तो दुसरा, आणि तिसरा..." एवढं बोलून देवळसांगवीच्या नवसंस्कार विद्यालयाचे मुख्याध्यापक मकरंद पारगावकर थांबले. उजवा हात आभाळाकडे नेऊन त्यांनी तो फोटोपुरता तसाच ठेवला. तेवढ्यात माइकवाला पुढे आला, त्याने सरांच्या डाव्या हातातला माइक काढून घेतला आणि वायर गुंडाळायला सुरुवात केली. त्याला पुढे एका बारशाला जायचं होतं, आणि सरांना दिलेली वेळ चंद्रावरच संपली होती.

त्यामुळे मागच्या रांगांना तिसरा दिवस कोणता ते कळलंच नाही. पुढच्या रांगांतल्या पालकांनी मात्र तो डोळ्यांनी पाहिला. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी डॉ. नाझनीन यांनी प्रत्येक वर्गातल्या दोन-दोन मुलांच्या जिभेवर एकेक थेंब टाकला आणि बाकीच्या शाळेला काहीही न देता बाटलीला बूच लावलं.

"आणि आमच्या पोराला?" एका आईनं विचारलं.

"त्याला मित्र आहेत ना?" डॉक्टर म्हणाल्या. "मग मिळेल."

टाळूताप नावाचा नवा आजार गेली काही वर्षं मुलांमध्ये फिरत होता. आधी टाळूला फोड, मग ताप, आणि हयगय झाली तर झटके. सुईची लस होती, पण ती कायम थंडीत ठेवावी लागे, आणि देवळसांगवीची वीज म्हणजे रुसलेल्या जावयासारखी. येते म्हणून कळवते आणि येत नाही. शाळांचा नियम मात्र कडक होता. अंगात प्रतिकारशक्ती नाही, तर वर्गात जागा नाही. परिणामी गावात लशी कमी आणि लस घेतल्याचे दाखले जास्त, अशी अवस्था झाली होती.

शेवटी शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. आपल्या सगळ्यांच्या लाळेत काही निरुपद्रवी विषाणू बिऱ्हाड करून असतात. भाडं देत नाहीत, पण त्रासही देत नाहीत. त्यातला एक गरीब स्वभावाचा विषाणू निवडून त्यांनी त्याच्या अंगावर टाळूतापाच्या विषाणूचा एक तुकडा चढवला, शेळीला वाघाचं कातडं घालावं तसा. शरीर ते कातडं पाहून दचकतं, लढाईची तालीम करतं, आणि पुढे खरा वाघ आला तर तयार असतं. ही शेळी लाळेबरोबर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते. एका तोंडात आठवडा-दीड आठवडा राहते, मग शरीरच तिला बाहेरचा रस्ता दाखवतं. प्रत्येक मुक्कामाला ती थोडी दुबळी होते आणि काही मुक्कामांनी आपोआप संपते, म्हणजे मोकाट सुटायची भीती नाही. थोडक्यात, दोघांना लस द्यायची आणि बाकीचं काम डबा खायच्या सुट्टीवर सोपवायचं.

सरकारनं तिचं नाव 'सहप्रसारी लस' असं ठेवलं होतं. गावानं पहिल्याच दिवशी ते बदलून 'उष्टी लस' केलं.

मग जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. ज्या आयांनी जन्मभर 'कुणाचं उष्टं खाऊ नको' म्हणून पाठीत धपाटे घातले, त्याच आता फाटकापाशी पोराला बजावत होत्या, "खा रे बाबा कुणाचंतरी! कालपण सगळा डबा एकट्यानंच संपवलास, लाज नाही वाटत?" एका पेरूला पाच जण चावू लागले. पेप्सीकोल्याची एक कांडी अख्ख्या बाकावरून फिरून यायची. पारगावकर सर व्हरांड्यात उभे राहून हे दृश्य पाहत आणि त्यांचा ऊर भरून येई.

ऊर भरून यायला कारणही होतं. 'एक शाळा, एक पंगत' हा उपक्रम त्यांचाच. दर शनिवारी सगळी मुलं व्हरांड्यात गोल करून डबे खात, त्याचे फोटो जिल्ह्याच्या मासिकात येत. समतेवर बोलायचं असलं की आजूबाजूच्या गावांतून सरांनाच बोलावणं यायचं. भाषणाच्या शेवटी ते एक वाक्य हमखास म्हणत, "आमच्या शाळेत तसलं काही नाही." तसलं म्हणजे कसलं, हे कुणी कधी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि नाही म्हटल्यावर विषयच मिटत होता.

शाळेत आणखी एक नवा नियम आला होता. कुणा मुलाला शाळेच्या वेळेत औषध द्यायचं असेल तर ते मुख्याध्यापकांनी स्वहस्ते द्यावं. सरांच्या केबिनबाहेर जेवणानंतर औषधाची छोटी रांग लागायची. तिसरीतला ओजस दम्याचा पंप घ्यायला यायचा. सर त्याची हनुवटी धरून पंप तोंडात देत, नंतर त्याचं वाहतं नाक स्वतःच्या रुमालाने पुसत आणि वर टपली मारत. रांगेत शेवटी चौथीतली चांदणी असे. तिच्या मूत्रपिंडाला सूज होती. मागचं अख्खं वर्ष दवाखान्यात गेलं होतं, त्यामुळे चौथी ती दुसऱ्यांदा करत होती. ती ओंजळ पुढे करायची, सर वरून गोळी टाकायचे, ती आपल्या बाटलीतलं पाणी प्यायची आणि "थँक्यू सर" म्हणून पळायची.

चांदणीचे वडील आदेश नगरपालिकेची गटारं उपसायची गाडी चालवत. गाडी आता सगळी यंत्रावर. आदेश काचेच्या केबिनमध्ये बसून बटणं दाबायचे, त्यांचे हातमोजेसुद्धा संध्याकाळपर्यंत पांढरे राहायचे. पण गावाच्या नाकापर्यंत यंत्रयुग अजून पोचलेलं नव्हतं.

*

महिन्याभराने डॉ. नाझनीन यंत्र घेऊन आल्या. सगळ्या मुलांनी आणि शिक्षकांनी एकेक कागदी पट्टी चाटून दिली. दुपारी शिक्षकांच्या खोलीत निकाल भिंतीवर उमटणार होता, म्हणून संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब मुद्दाम आले होते. सगळी मुलं सुरक्षित निघाली तर शाळेच्या फाटकावर 'पूर्णरक्षित शाळा' असा निळा फलक लागणार होता. तालुक्यात असा फलक अजून कुणाला नव्हता, आणि दादासाहेबांना पुढच्या वर्षी निवडणुकीला उभं राहायचं होतं.

"हे यंत्र नुसतं लस मिळाली की नाही एवढंच सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाकडून मिळाली तेही सांगतं."

ते कसं, हे त्यांनी समजावून दिलं. विषाणू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्याची नक्कल होते आणि नकलेत बारीक चुका राहतात. नणंदेनं सांगितलेली लोणच्याची कृती भावजय शेजारणीला सांगते तेव्हा मेथ्या चिमूटभर कमी होतात. शेजारीण पुढे सांगते तेव्हा हिंग जास्त होतो. कुणाच्या लोणच्यात काय कमी-जास्त आहे ते चाखून ती कृती कुठून कुठे गेली हे एखादी जाणती बाई सांगू शकेल. यंत्र लाळ चाखून तेच सांगत होतं.

भिंतीवर ठिपके उमटले. प्रत्येक ठिपक्याखाली नाव. ठिपक्याकडून ठिपक्याकडे रेघा धावू लागल्या आणि बघता बघता शाळेचं भलंमोठं झाड तयार झालं.

"वा!" दादासाहेब म्हणाले. "आणि आपले सर कुठायत?"

"हे काय, इथे टोकाला." डॉक्टरांनी बोट ठेवलं. "सगळ्यात शेवटी लागण झालेले. सरांना चौथीतल्या मल्हारकडून मिळाली आहे."

"अशक्य," पारगावकर म्हणाले. "मी बाहेरचं काही खात नाही. माझा डबा, माझा पेला, माझी केबिन. यंत्राची चूक आहे."

"गेल्या शनिवारच्या आसपास मिळाली असणार, सर."

चौथीच्या वर्गशिक्षिका प्राजक्ता मॅडम मदतीला धावल्या. त्यांचा स्वभावच मदतीचा होता. "गेल्या शनिवारीच तुम्ही मल्हारची काडीवरची चिंच जप्त केली होती ना, सर? तो चाटत होता ती?"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या.

"जप्त केलेला माल नष्ट करावा लागतो," पारगावकर शेवटी म्हणाले.

"केलात की मग!" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "काडीसुद्धा ठेवली नाहीत!"

सगळी खोली हसली. गणिताचे सर तर खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होते. पारगावकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती चिंच एका बाजूनेच चाटलेली होती, दुसरी बाजू अगदी शाबूत होती, हे सांगावं की नाही याचा ते गंभीरपणे विचार करत होते. आयुष्यात इतकी लाज आपल्याला कधी वाटली नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. पुढे त्यांना कळायचं होतं की ही नुसती सुरुवातीची चिल्लर आहे.

"एक ठिपका सुटा राहिलाय," डॉक्टर म्हणाल्या.

झाडापासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात, एक ठिपका होता. त्याच्याकडे एकही रेघ जात नव्हती. खाली नाव होतं चांदणी.

"आजारी असते हो ती," विषय चिंचेवरून हलल्याच्या आनंदात पारगावकर म्हणाले. "गैरहजर असेल."

"एकही दिवस नाही, सर," प्राजक्ता मॅडमनी पुन्हा मदत केली.

"मग तिलाही एक थेंब टाका की, डॉक्टर."

"नाही टाकता येत. तिच्या गोळ्यांमुळे तिची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. बाटलीतला थेंब ताजा, जोरकस. तिला तो झेपणार नाही. तिला चालते ती चार-पाच तोंडांतून फिरून दुबळी झालेली लस. म्हणून तर मी निर्धास्त होते. म्हटलं, एवढ्या मोठ्या शाळेत कुणा ना कुणाचं तरी ती खाईलच." डॉक्टरांनी यंत्र मिटलं. "आणि शेजारच्या तालुक्यात टाळूताप आलाय. नियमाप्रमाणे आजपासूनच तिला वर्गात बसता येणार नाही. साथ ओसरेपर्यंत घरी. या वर्षीची परीक्षाही त्यातच जाईल."

*

पारगावकरांनी चौथीचा वर्ग गाठला. चांदणीला दप्तरासकट ऑफिसात बसवलं होतं, तिची आई न्यायला येणार होती.

"चांदणीबरोबर जेवायला कोण बसतं?" सरांनी करड्या आवाजात विचारलं.

सगळे हात वर.

"तिला आपल्यातलं कोण देतं?"

पुन्हा सगळे हात वर. काहींनी दोन-दोन केले.

"मग तिला लस का नाही मिळाली?"

"आम्ही रोज देतो, सर!" मल्हार म्हणाला. "चिमणीच्या दातानं देतो."

चिमणीचा दात कुणाला समजावून सांगायला नको. चिक्की असो, पेरूची फोड असो, शर्टाच्या टोकात गुंडाळायची आणि कापडावरून दाताने तोडायची. थुंकी कापडाला लागते, खाऊला नाही. कितीही जणांत वाटा, उष्टं होत नाही. पारगावकरांनी स्वतः लहानपणी असे कितीतरी शर्ट चिकट केले होते.

"आणि आपसांतही तसंच देता?"

"नाही सर, आपसांत उष्टंच खातो," इरा नावाची मुलगी म्हणाली. "लस पसरायला पाहिजे ना."

"मग चांदणीलाच का चिमणीच्या दातानं?"

आता मात्र वर्गाला खिडकीबाहेर फार काही दिसू लागलं. शेवटी इराच म्हणाली, "आई म्हणली, ती आजारी असते, तिला आपलं लागायला नको."

"माझी आई म्हणली, आपल्याला तिचं लागायला नको," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझी आजी म्हणली, तिच्याशी खेळ, पण..." आणि तो मुलगा शेजाऱ्याच्या कोपरखळीने गप्प झाला.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?" सरांचा आवाज चढला. "या शाळेत तसलं काही नाही, हे मी दर शनिवारी सांगतो ना?"

मल्हारला खरोखरच कोडं पडलं होतं. उद्धटपणा त्याच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. "पण सर, तुम्ही पण तर तिला गोळी वरूनच टाकता. ओजसला तोंडात देता. आम्हाला वाटलं तसाच नियम आहे."

"ती स्वच्छता आहे," पारगावकर म्हणाले.

"हो सर," वर्ग एका सुरात म्हणाला. सर चुकले की वर्ग नेहमी याच सुरात 'हो सर' म्हणतो.

केबिनकडे परतताना व्हरांडा त्यांना फार लांब वाटला. चालता चालता त्यांनी उजवा हात पुढे करून पाहिला. दोन बोटांत गोळी धरल्यासारखी केली आणि खाली एक ओंजळ कल्पिली. हात आपोआप वीतभर वर थांबला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तिथेच. या हाताला हे कुणी शिकवलं ते त्यांना आठवेना. आई दूधवाल्याला पैसे वरून टाकायची का? आजी झाडूवाल्या बाईला भाकरी अशीच द्यायची का? असेलही. पण दूधवाला गेला, आजी गेली, घर विकलं, आपण तालुकाभर भाषणं केली, आणि एवढ्या सगळ्यात हात तेवढा होता तिथेच राहिला. चिंचेच्या वेळी कान तापले होते. आता त्यांनी तो हात खिशात घातला आणि केबिनच्या दारापर्यंत बाहेर काढला नाही.

*

केबिनमध्ये चांदणीची आई शीतल बसली होती. बाजारपेठेत तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. अर्ध्या गावाचे फुटलेले पडदे तिच्या हातून जात, तेव्हा कुणाला काही वरून टाकावंसं वाटत नसे.

"बसा, बसा," ती बसलेलीच असताना सर म्हणाले. "ताई, दुर्दैवाने चांदणीला लस मिळाली नाही."

"सरकारनं दिली की, सर. तुमच्या शाळेनं दिली नाही."

"तसं नाही ताई. मुलं लहान आहेत. आमच्या शाळेत..." वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं.

"तसलं काही नाही," शीतलने ते पुरं करून दिलं. "माहितीय. तुम्ही आमच्याकडं गृहभेटीला आलात तेव्हा पण हेच म्हणला होतात. फोटो काढला. मी चहा टाकला, तर म्हणलात, आज उपास आहे."

"होता हो. खरंच होता."

"चहा उपासाला चालतो, सर."

पारगावकरांनी टेबलावरचा पेपरवेट उजवीकडून डावीकडे ठेवला.

"भांडायला नाही आले मी," शीतल उठली. "पोरीनं मागचं वर्ष सलाइन मोजत काढलं. यंदा वर्गात बसायला मिळतंय म्हणून गोळ्या कडू लागत नाहीत म्हणते. आता तिला घरी काय सांगू ते तुम्हीच सांगा. मैत्रिणींचा खाऊ कापडातनं मिळायचा, ते ती हसत घरी येऊन सांगायची. म्हणायची, आई, माझ्यासाठी स्पेशल करतात."

ती गेल्यावर सरांनी पेपरवेट परत उजवीकडे ठेवला. तेवढ्यात दादासाहेबांचा फोन आला.

"सर, एक साधा उपाय आहे. त्या पोरीचं नाव तात्पुरतं दुसऱ्या शाळेत दाखवा. नाहीतरी घरीच बसणार ना? आपल्या पटावर राहिली नाही की आपली शाळा पूर्णरक्षित. साथ गेली की परत घ्या. कुणाचं काही जात नाही. तुमचा सत्कार, माझा फलक."

"बघतो," पारगावकर म्हणाले. मराठी माणूस 'नाही' म्हणायला धजत नाही आणि 'हो' म्हणायला लाजतो, तेव्हा 'बघतो' म्हणतो. त्यांनी फोन ठेवला आणि खरोखरच बघितलं. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा कोरा कागद समोर होता, पेनात शाई होती. एक सही, की भिंतीवरचा तो सुटा ठिपका पुसला जाणार होता. ठिपका पुसल्यावर त्याच्याकडे रेघ का गेली नाही, हे पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. उपाय इतका सोपा होता की त्यांना आपलीच भीती वाटली. त्यांनी तो कागद फाडला आणि डॉ. नाझनीनना फोन लावला.

"अजून कुणाच्या तोंडात ती लस जिवंत असेल का हो?"

"मुलांच्या तोंडातून गेली, सर. सगळी महिन्यापूर्वीची, पंधरवड्यापूर्वीची. एकाच्याच तोंडात असेल, ज्याला सगळ्यात शेवटी मिळाली. दुबळीही झालीय. चांदणीला झेपेल अशी. पण उद्या-परवापर्यंतच."

पारगावकरांना उत्तर कळलं होतं, तरी त्यांनी आणखी एक दार ठोठावून पाहिलं. "मग असं करता येईल का? मी एका स्वच्छ नळीत लाळ देतो. तुम्ही ती प्रयोगशाळेतून..."

"प्रयोगशाळा कशाला? चमच्यात थुंका आणि चमचा तिच्या आईकडे पाठवा. शास्त्राची हरकत नाही."

"अहो, असं कसं पाठवणार!"

"तेच म्हणते मी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "तिच्या आईची परवानगी घ्या आणि भाकरी खा, सर. इतकंच करायचंय."

संध्याकाळी शीतलच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. पारगावकर त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं, आणि त्यात 'स्वच्छता' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. शीतल हातातला फोन उघडा ठेवून ऐकत राहिली. मग तिने चहा मागवला. दोन कप आले. सरांनी आपला कप उचलला. चहा फार गोड होता आणि तोंड भाजलं, पण त्यांनी तो मध्ये कुठेही न थांबता संपवला.

"पाठवते उद्या," शीतल म्हणाली. "पण तिला विचारून द्या. ती नको म्हणली तर नको."

"नको कशाला म्हणेल?" सर म्हणाले. हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पारगावकर सर आपला डबा घेऊन केबिनबाहेर आले. शाळेने त्यांना जेवताना कधी पाहिलं नव्हतं. काही लहान मुलांचा तर असा समज होता की मुख्याध्यापक जेवत नाहीत. त्यामुळे सगळा व्हरांडा घास हातात धरून गप्प झाला. प्राजक्ता मॅडम खांबाजवळ उभ्या होत्या. गणिताचे सर आज हसत नव्हते.

चांदणी व्हरांड्याच्या टोकाला, वर्गाच्या बाहेर एकटी बसली होती. वर्गात बसायची मनाई होती, व्हरांड्याबद्दल नियम काही बोलत नव्हता. सर तिच्यासमोर मांडी घालून बसले. गुडघा कटकन वाजला. त्यांनी डबा उघडला. बाजरीची भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा. सकाळपासून त्यांनी मनात एक छोटंसं भाषण जुळवलं होतं. त्यात समता होती, विज्ञान होतं, आणि शेवटी माफी होती. ते बोलायला गेले आणि माफीशिवायचं सगळं विसरले.

"चांदणी," ते म्हणाले, "माझं चुकलं, बाळा."

"काय चुकलं, सर?"

हे समजावून सांगायला गेलं तर तिला ते शिकवल्यासारखं होईल, हे त्यांच्या लक्षात आलं. कापडातला खाऊ स्पेशल असतो, हे तिच्याकडून काढून घ्यायचं का? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, कांद्याबरोबर अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा त्यांनी तिच्यापुढे केला. हात निघाला तो नेहमीच्या सवयीनं वरून. तिने पुढे केलेल्या ओंजळीच्या वीतभर वर तो थांबला. सगळी शाळा पाहत होती. पारगावकरांनी तो हात खाली आणला, आणखी खाली, तिच्या बोटांना लागेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं ठेच्याचं नव्हतं.

"घेशील?" त्यांनी विचारलं. "तुला लस मिळेल. परवापासून इतर मुलांसारखं... म्हणजे, डॉक्टर सांगतील तेव्हापासून वर्गात बसता येईल. पण तुला हवं असेल तरच."

चांदणीने त्या अर्ध्या तुकड्याकडे पाहिलं. दातांची नक्षी त्यावर स्पष्ट उमटली होती. मग तिने सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा तुकड्याकडे. तिचं नाक किंचित आक्रसलं. मुलगी शहाणी होती, मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून तिने ते लगेच सरळ केलं. ती पुढे झुकली, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, फार अदबीने म्हणाली,

"घेते सर. पण आधी चूळ भरून येता का?"